फरीदाबादचा कलगीतुरा

मथुरा रोडवर दोन गाड्यांचे आरसे एकमेकांना घासले की पुढची पाच मिनिटं काय घडणार, हे इथल्या शेंबड्या पोरालाही तोंडपाठ असतं. दोन्ही दारं उघडतात. दोघे उतरतात, पण सरळ एकमेकांकडे येत नाहीत. आधी आपापल्या गाडीला अर्धी फेरी मारतात, म्हणजे समोरच्याला खांद्यांची रुंदी नीट बघता यावी. मग बाह्या वर जातात. मग "तू जानता नहीं मैं कौन हूँ." मग फोन निघतो आणि कानाला लागतो. पलीकडे कुणी असतंच असं नाही. मागे हॉर्नचा कल्लोळ चाललेला असतो, पण हात कुणी कुणाला लावत नाही. शेवटी ज्याची गाडी लहान किंवा ज्याचा मामा कमी वजनाचा, तो काहीतरी पुटपुटत आत बसतो आणि रस्ता मोकळा होतो.

ठाण्या-पुण्याकडून इथे नव्याने आलेला मराठी माणूस दर वेळी हे पाहून हबकतो. आपल्याकडे "दिसत नाही का?" एवढं म्हणून माणूस पुढे निघतो आणि उरलेलं भांडण घरी जाऊन बायकोपाशी पूर्ण करतो. इथे सगळं भांडण जागेवर, साग्रसंगीत. पण त्यात केवढी शिस्त आहे, पायऱ्या कशा ठरलेल्या आहेत, आणि मुख्य म्हणजे त्यात मुडदा का पडत नाही, हे कळायला फार लांब जावं लागत नाही. आमच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या डाव्या हाताला, दोन फुटी फिशटँक आहे. त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसलं तरी पुरतं.

या टँकमध्ये राहणाऱ्याचं शास्त्रीय नाव ॲपिस्टोग्रामा काकाटुओइडिस. नाव अंगापेक्षा लांब आहे. नर वाढून वाढून ८ सेंटिमीटरचा होतो, मादी ५ ची. मूळ गाव ॲमेझॉनच्या खोऱ्यात, पेरू-ब्राझील-कोलंबियाच्या बाजूला. नराच्या पाठीवरच्या पराचे पुढचे काटे उंच वाढून काकाकुवाच्या तुऱ्यासारखे उभे राहतात, म्हणून हे नाव. दुकानदार 'एपिस्टो' म्हणून मोकळे होतात. कूळ सिक्लिडांचं, आणि या कुळात भलेभले आहेत. १९५२ साली भारतात आणलेला आणि मग आपल्या तळ्याधरणांतून कधी न हललेला तिलापिया याच घरातला. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एका प्रॉपर्टी डीलरचं ऑफिस आहे, तिथला फ्लॉवरहॉर्नही याच घरातला. फ्लॉवरहॉर्न म्हणजे माणसाने संकर करून काढलेलं प्रकरण. त्याच्या कपाळावर टेंगूळ असतं, आणि टेंगूळ जितकं मोठं तितकी मालकाची बरकत, असं बाजारात मानतात. डीलरसाहेब एकदा वर आले होते. माझे मासे त्यांनी वाकून, चष्मा काढून, पुन्हा लावून पाहिले आणि विचारलं, "बड़ा कब होगा?" झालाय, म्हटलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यानंतर त्यांनी मला कधी फ्लॅट दाखवायचा प्रयत्न केलेला नाही.

पण या ८ सेंटिमीटरच्या इसमाला स्वतःचं माप ठाऊक नाही. टँकमध्ये दोन नर असले आणि त्यांची हद्द एखाद्या दगडापाशी भिडली की कार्यक्रम सुरू होतो. आधी दोघे आडवे, शेजारी शेजारी उभे राहतात. सगळे पर ताणलेले, कलगी उभी, शेपटीवरचे लाल ठिपके समोरच्याला दिसतील असे. मग शेपटीचा फटका. तो अंगाला लागत नाही, पण पाण्याचा धक्का समोरच्याच्या कुशीत बसतो. माशाच्या कुशीवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत एक संवेदनशील रेघ गेलेली असते. तिला या धक्क्यावरून समोरचा किती दमाचा आहे हे बरोबर कळतं. तेवढ्यावर भागलं नाही तर समोरासमोर येऊन कल्ल्यांची झाकणं फुगवायची आणि चेहरा दुप्पट करायचा. त्यानेही निकाल लागला नाही, तरच तोंडात तोंड अडकवून ओढाताण. बहुधा गोष्ट तिथवर जातच नाही. एकाचा रंग उतरतो, कलगी पडते, पर मिटतात, आणि तो काहीतरी काम आठवल्याच्या आविर्भावात झाडामागे निघून जातो.

स्टॉकहोमच्या एन्क्विस्ट आणि लाइमर या दोघांनी सहकाऱ्यांसह १९९० साली याचा रीतसर अभ्यास छापला. त्यांचा मासा नॅनाकारा अनोमाला, हाही बुटक्या सिक्लिडांपैकीच. नरांच्या जोड्या लावून त्यांनी झुंजी पाहिल्या. वजनात फरक जास्त असेल तर भांडण लवकर मिटतं, आणि दोघे तुल्यबळ असतील तर एकेक पायरी चढत प्रकरण चाव्यापर्यंत आणि तोंडाच्या कुस्तीपर्यंत जातं. प्रत्येक पायरीवर दोघे एकमेकांचं मोजमाप घेत असतात. ज्याला आपण कमी भरलो हे कळतं, तो निघतो. यात भ्याडपणा नाही, हिशेब आहे. मथुरा रोडवर मी गेली काही वर्षं हेच पडताळून पाहतो आहे आणि स्वीडिश मंडळींच्या निष्कर्षात मला खोट सापडलेली नाही. फॉर्च्युनर आणि अल्टो असेल तर अर्ध्या मिनिटात मोकळं. दोन फॉर्च्युनर, दोन्हींच्या मागच्या काचेवर मोठ्या अक्षरात आपापल्या जातीचं नाव, असं दिसलं तर मात्र गाडी बदरपूरकडे वळवावी.

एक खोड मात्र माशांत आहे. दिखाव्याला समोर खरा प्रतिस्पर्धी असलाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं नसतं. निको टिनबर्गन यांच्या लायडनच्या प्रयोगशाळेत खिडकीशी स्टिकलबॅक माशांचे टँक होते. या माशांत विणीच्या दिवसांत नराचं पोट लाल होतं. रस्त्यावरून टपालखात्याची लाल गाडी गेली की टँकमधले सगळे नर तिच्या बाजूला धावून डोकं खाली करत आणि धमकी देत. गाडी अर्थातच निघून जायची, म्हणजे माशांच्या मते पळून जायची. टिनबर्गनना १९७३ साली नोबेल मिळालं, गाडी हाकलणाऱ्यांना काही मिळालं नाही. आमचा कलगीवाला रोज सकाळी कामवाल्या दीदीच्या लाल पोछ्यावर चालून जातो. दीदी पोछा घेऊन बेडरूमकडे वळते आणि हा विजयी मुद्रेने टँकची एक प्रदक्षिणा घालतो. दीदीने एकदा विचारलं, "भैया, ये मुझसे नाराज़ है क्या?"

आता प्रेमप्रकरण. नर मादीपुढे जे करतो ते पाहून पहिल्यांदा वाटतं की हा तिच्याशीही भांडतोय. कारण सामान तेच, तेच पर, तीच कलगी. फरक एवढाच की अंगाला बाक देऊन तो तिच्यापुढे थरथरतो आणि मग शेपटी तिच्या तोंडापुढे झुलवत राहतो. ही मागणी आहे हे मादीला कळतं, आपल्याला उशिरा कळतं. मादी त्या वेळी मातकट, बारीक, लक्षात न येणारी असते. इतकी की दबलेला तरुण नरही तसाच दिसतो, आणि दुकानदाराने "पक्की मादा है, गारंटी" म्हणून दिलेल्या मादीला घरी गेल्यावर महिन्याभरात कलगी फुटू शकते. अशी गॅरंटी परत घेऊन गेलं तर उत्तर मिळतं, "भाईसाब, पानी बदलने से हो जाता है."

घर मात्र मादी निवडते. या माशांना अंडी घालायला गुहा लागते आणि गुहेचं तोंड अरुंद लागतं, तिच्यापुरतं. मी टँकमध्ये दोन जागा ठेवल्या होत्या. चहाच्या टपरीवरचा कुल्हड आडवा करून, आणि नारळाची करवंटी उपडी घालून, कडेला खाच पाडून. नीट अर्धी फुटलेली, खोवून स्वच्छ झालेली करवंटी फरीदाबादमध्ये मिळवायची म्हणजे घरात मोदक व्हावे लागतात. शेजारपाजारी नारळ देवापुढे आपटून फुटतो, त्याची करवंटी उरत नाही, ठिकऱ्या उरतात. मादीने दोन दिवस दोन्ही घरं आतून बाहेरून पाहिली, कुल्हडात तोंड घालून नाक मुरडलं आणि करवंटीत शिरली. बायको म्हणाली, "बघ, सून आपल्याकडची मिळाली."

अंडी ती आत छताला, स्वतः उलटी होऊन, चिकटवते. लालसर, पन्नास ते शंभर. नराचं काम उरकलं की त्या क्षणापासून टँकचं सरकार बदलतं. मातकट मादी बघता बघता हळदीच्या पिवळ्या रंगाची होते, त्यावर काळ्याभोर खुणा उमटतात, पोटाखालच्या परांना काळी किनार येते. तोंडाने रेती उचलून ती करवंटीच्या तोंडाशी बांध घालते आणि समोर येईल त्याला ढकलून बाहेर काढते. आमच्या शेजारच्या बल्लभगडला जेसीबीचा कारखाना १९७९ पासून आहे. पिवळं, ठेंगणं, रेती उपसणारं आणि वाट न सोडणारं यंत्र इथल्या पोरांना पाळण्यातून माहीत असतं. सोसायटीतली मुलं टँकपाशी येऊन तिला 'जेसीबी आंटी' म्हणतात. माझ्या मते शास्त्रीय नावापेक्षा हे अचूक आहे.

ज्याची कलगी, ज्याचा टँक, ज्याने लाल पोछे परतवून लावले, तो या काळात हीटरच्या मागे उभा असतो. पर मिटलेले, रंग गेलेला. जंगलात त्याची हद्द मोठी असते, तिच्यात तीन-चार माद्यांची तीन-चार घरं असतात आणि तो सीमेवरून गस्त घालत फिरतो, म्हणजे त्याच्या रुबाबाला जागा तरी असते. दोन फुटी टँकमध्ये सीमा म्हणजे समोरची काच. म्हणून नर-मादी छोट्या टँकमध्ये ठेवलेत तर लपायला झाडं भरपूर लावा, नाहीतर ही मंडळी जीवही घेतात. पाहुण्यांना हे समजावणं अवघड जातं. ज्या माशाची कीर्ती ऐकून ते आलेले असतात, तो दाखवावा तर प्रश्न येतो, "ये जो डर के बैठा है, यही है?"

आपल्या शाहिरांच्या कलगीतुऱ्यात कलगीवाले शक्तीला थोर मानतात आणि तुरेवाले शिवाला. डफ-तुणतुण्यावर रात्र रात्र सवालजवाब झडतात, झिलकरी घसा फोडतात आणि उजाडलं तरी वाद मिटत नाही. माझ्या टँकमध्ये तो एका संध्याकाळीत मिटतो. कलगी नराच्या पाठीवर आहे खरी, पण बाजू तो शक्तीचीच लढवतो, बळजबरीने का होईना.

हे सगळं फरीदाबादच्या पाण्यात घडतं, हे मला त्याहून नवलाचं वाटतं. या माशांच्या भाऊबंदांपैकी कित्येक रिओ निग्रोच्या काठाला राहतात. तिथलं पाणी चहाच्या रंगाचं, आम्ल, आणि क्षार जवळजवळ नाहीतच. आमच्या सेक्टरच्या बोअरचं पाणी नळाला पांढरी दाढी आणतं आणि गीझर दर दोन हिवाळ्यांनी बदलायला लावतं. काकाटुओइडिस त्यातल्या त्यात सोशिक, शिवाय दुकानात येणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या माशांच्या फार्मवरच गेलेल्या असतात, ॲमेझॉन त्यांनी ऐकूनही माहीत नाही. तरी वीण हवी तर पाणी मऊ करावं लागतं, म्हणजे आरओचं पाणी मिसळावं लागतं. परिणामी घरात शुद्ध पाण्याचा पहिला मान माशांचा, दुसरा इस्त्रीचा, आणि मग माणसं.

पाण्याला रंग यावा, थोडी आम्लता यावी म्हणून देशी बदामाची वाळकी पानं टाकतात. त्यातलं टॅनिन उतरतं आणि मासे खूश होतात. मुंबईत ही झाडं रस्तोरस्ती आहेत, पालापाचोळ्याचा लोकांना वैताग असतो. इथे तीच पानं ऑनलाइन, प्लास्टिकच्या पाकिटात, मोजून मिळतात. सासूबाईंना हे कळल्यापासून त्या माटुंग्याच्या फुटपाथवर सकाळी फिरताना पानं वेचतात, धुऊन गच्चीत वाळवतात आणि ऑगस्ट क्रांती राजधानीने येताना मेतकूट, आमसुलं आणि कुळथाच्या पिठाच्या जोडीला एक पिशवी पाचोळा आणतात. निझामुद्दीनला उतरल्यावर एका हमालाने पिशवी हलकी बघून आत डोकावून पाहिलं. "माताजी, इसमें तो पत्ते हैं." सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "हमारे मुंबई के हैं." त्याने ती पिशवी डोक्यावर घेतली आणि पैसेही बॅगेइतकेच लावले.

तापमानाचा प्रश्न याहून नाजूक आहे. रोमर आणि बायझेनहेर्त्स या जर्मन संशोधकांनी १९९६ साली दाखवून दिलं की ॲपिस्टोग्रामाच्या कित्येक जातींत पिल्लू नर होणार की मादी, हे पहिल्या काही आठवड्यांतल्या पाण्याच्या तापमानावर बरंचसं ठरतं. पाणी गार असेल तर माद्या जास्त, गरम असेल तर नर जास्त. हे वाचून मी कॅलेंडरकडे पाहिलं. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसला टेकतो, दुपारी वीज जाते आणि टँकवर लावलेला छोटा पंखा इन्व्हर्टरवर कुरकुरत फिरतो. त्या विणीतून नरच नर निघाले. राज्य हरियाणा. २०११ च्या जनगणनेत इथे हजार पुरुषांमागे ८७९ बायका भरल्या आणि २०१५ साली 'बेटी बचाओ, बेटी पढाओ'चा नारळ पंतप्रधानांना पानिपतातच फोडावा लागला. माझ्या टँकचा दोष निदान उन्हाचा होता. जानेवारीच्या धुक्यात हीटर जरा खाली ठेवला, टँकला जुनी रजई गुंडाळली, आणि मुली झाल्या. कुणीही तोंड वाकडं केलं नाही. करवंटीतून बाहेर आलेली आई तेवढीच पिवळी होती.

पिल्लं पोहू लागली की ती त्यांना घेऊन बाहेर पडते. आवाज नाही, काही नाही, नुसता पोटाखालच्या परांना एक झटका, आणि डोळ्यांत न मावणारा तो ठिपक्यांचा ढग क्षणात तळाला बसून दगड होतो. धोका टळला की दुसरी खूण, आणि ढग पुन्हा वर. दोन मुलांना शाळेच्या बसपर्यंत नेताना सगळा मजला जागा करणाऱ्या आम्ही सर्वांनी यापुढे नतमस्तक व्हावं. पिल्लांना खायला आर्टेमियाचे ताजे जीव लागतात. त्यासाठी कोल्ड्रिंकची बाटली उलटी टांगून, मिठाच्या पाण्यात हवा सोडून, दिवसभर अंडी बुडबुडत ठेवायची. किचनच्या ओट्यावर. या विषयावर आमच्याकडे जे बोललं गेलं ते इथे देत नाही.

आईपणाचं हे वेड इतकं जबर असतं की पिल्लं गमावलेली मादी दुसरीची पिल्लं फितवून आणते, आणि तीही न मिळाल्यास खायला टाकलेल्या डॅफ्नियाच्या, म्हणजे पाणपिसवांच्या, थव्याचीच राखण करत फिरते, असं जुन्या शौकिनांनी नोंदवून ठेवलं आहे. जेवणालाच कडेवर घेण्याचा हा प्रकार मी अजून पाहिलेला नाही. पण या कुळाकडून मी काहीही अपेक्षा करू शकतो. आपले देशी सिक्लिड घ्या. भारतात मूळचे तीनच. एक काळुंदर, जो गोव्यात रवा लावून तळतात आणि केरळात करीमीन म्हणून राज्यमासा आहे. दुसरा कर्नाटकातला. आणि तिसरा नारिंगी क्रोमाइड, जेमतेम बोटाएवढा. या नारिंगीची पिल्लं आईबापांच्या अंगाला घासून जातात आणि त्वचेवरचा चिकट स्राव खातात. वॉर्ड आणि बार्लो यांनी १९६७ साली त्याचा सविस्तर अभ्यास केला. मूल आईबापांच्या अंगावर जगतं हे आपण नुसतं म्हणतो, हे मासे करून दाखवतात, आणि आईबाप दोघेही हलत नाहीत. हा मासा मला फार हवा आहे. दिल्लीच्या दुकानदारांना विचारलं की ते फ्लॉवरहॉर्न दाखवतात.

उरलेला प्रश्न पिल्लांच्या लग्नकार्याचा. मोठी झालेली पिल्लं ठेवायची कुठे? गणपतीत मंडळाच्या आरतीला मी प्लास्टिकच्या पिशव्यांतून ती घेऊन गेलो. प्रसादापेक्षा रांग इकडे मोठी. पण प्रत्येकाचं बोट लाल शेपटीच्या, कलगी फुटू लागलेल्या नरावर. मादी दाखवली की, "ही आजारी आहे का?" शेवटी नियम केला. नर हवा तर दोन माद्यांसकट, नाहीतर मोदक घ्या आणि निघा. तिसऱ्या मजल्यावरच्या पंजाबी आंटींनी कुरकुरत तिघांना नेलं. पुढे एका रात्री दहाला त्यांचा फोन आला, आवाज चढलेला.

"भाईसाब, आपकी वो बीमार वाली पीली हो गई है. मेरे हीरो को फिल्टर के पीछे घुसा दिया. बाहर ही नहीं आने देती."

म्हटलं, "आंटी, घबराइए मत. करवंटी... मतलब उस मटकी में अंडे होंगे. घर अब उसका है."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्यांनी फोन बाजूला करून आत हाक मारली, "सुनो जी! पीली वाली को पहले खाना डालना. उसको बाद में."

आणि मला म्हणाल्या, "अब समझ आया. हमारे यहाँ भी यही है."